तारयंत्र ते लोकल : सीमेन्सबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात पिठाच्या गिरणीच्या मोटरला स्टार्टर का लागतो, या प्रश्नाचं उत्तर देताना ओघात सीमेन्स या जर्मन इलेक्ट्रिकल कंपनीचं नाव आलं होतं. त्या एका नावावरून भरपूर पत्रं आली. कुणाला कंपनीचा जन्म जाणून घ्यायचा आहे, कुणाला तिच्या पापांचा हिशेब हवा आहे, तर एका ताईंना म्युनिकला जाऊन नेमकं काय बघावं ते विचारायचं आहे. म्हणून या वेळचं सगळं सदर याच विषयाला दिलं आहे. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकल शिकवण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे जिथे यंत्र येईल तिथे मी जरा जास्त रेंगाळेन, सांभाळून घ्या.

आमच्या वर्कशॉपमध्ये कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, ब्रेकर, सगळ्यांवर हे नाव असतं. ही कंपनी पहिल्यापासून याच धंद्यात होती का? आणि सुरुवातीचं भांडवल कुणाचं?
— एक पॅनेल बनवणारे, भोसरी

नाही. कंपनी निघाली तेव्हा विजेवर चालणारी कामाची मोटर बाजारात नव्हतीच. सुरुवात झाली ती तारयंत्रापासून.

व्हेर्नर सीमेन्सचा जन्म १८१६ चा, हॅनोव्हरजवळच्या लेन्थे गावातला. वडील खंडाने जमीन कसायचे आणि घरात चौदा भावंडं. विद्यापीठाचा खर्च झेपणारा नव्हता. मग मुलाने प्रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या मोठ्या जर्मन राज्याच्या, सैन्याची वाट धरली, कारण बर्लिनच्या तोफखाना शाळेत गणित, भौतिक आणि रसायन शिकायला मिळत होतं आणि त्याला पैसे पडत नव्हते. पुढे वर्षभराच्या अंतराने आईवडील दोघेही गेले आणि धाकट्या भावंडांचा भार या लष्करी अधिकाऱ्यावर आला. त्याला पैसा मिळवायची घाई का होती, ते इथे कळतं.

एका द्वंद्वयुद्धात मित्राच्या बाजूने उभा राहिला म्हणून त्याला मॅग्डेबुर्गच्या किल्ल्यात कैद झाली. कोठडीत त्याने रसायनं मागवून घेतली आणि विजेच्या साह्याने धातूवर सोन्याचा मुलामा चढवायचे प्रयोग केले. आपल्या आठवणींत त्याने लिहून ठेवलंय की माफीचा हुकूम आला तेव्हा प्रयोग अर्धवट होते, म्हणून आणखी काही दिवस कोठडीतच राहू द्या अशी विनंती त्याने केली. १८४२ मध्ये त्या पद्धतीचं पेटंट मिळालं. धाकटा भाऊ विल्हेल्म ते घेऊन इंग्लंडला गेला आणि बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन या मुलामा चढवणाऱ्या कंपनीला १,५०० पौंडांना विकून आला. या घराण्याची पहिली मोठी कमाई ती.

मग तारयंत्र. इंग्लंडच्या व्हीटस्टनचं काट्याचं तारयंत्र तेव्हा चालू होतं. गोल तबकडीवर अक्षरं आणि त्यावर फिरणारा काटा. ते हाताने चालवावं लागे आणि दोन टोकांचे काटे वारंवार मागेपुढे होत. व्हेर्नरने विचार उलटा केला : काटा माणसाने फिरवायचाच नाही. विद्युतप्रवाहाने स्वतःच स्वतःला तोडायचं आणि जोडायचं, म्हणजे दोन्हीकडचे काटे आपोआप पावलाला पाऊल लावून फिरत राहतील. पाठवणाऱ्याने अक्षराची कळ दाबली की दोन्ही काटे त्याच अक्षरावर थांबतील. सिगारचा डबा, पत्र्याचे तुकडे, थोडं लोखंड आणि तांब्याची तार एवढ्यावर त्याने नमुना केला. बर्लिनमधला कुशल यंत्रकारागीर योहान गेओर्ग हाल्स्के आधी साशंक होता. तो डबा चालताना पाहून तो भागीदार व्हायला तयार झाला.

भांडवल दिलं चुलतभावाने : ६,८४२ थालर (तेव्हाचं प्रशियाचं चांदीचं नाणं). ऑक्टोबर १८४७ मध्ये बर्लिनच्या श्योनेबेर्गर रस्त्यावर, १९ नंबरच्या मागच्या इमारतीत दहा कारागीर घेऊन काम सुरू झालं. तारेवर गटापर्चाचं वेष्टण चढवायचं यंत्रही त्याच वर्षीचं. गटापर्चा म्हणजे मलायाकडच्या झाडाचा चीक. गरम चीक सोऱ्यातल्या पिठासारखा दाबून तारेभोवती सलग बसवायचा, जोड म्हणून नाहीच. आज तुमच्या वर्कशॉपमधल्या प्रत्येक वायरीवरचं पीव्हीसी याच रीतीने चढतं.

आता एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढच्या उत्तरांत ती पुन्हा पुन्हा येईल. या कंपनीचं पहिलं मोठं गिऱ्हाईक सरकार होतं. बर्लिन ते फ्रँकफुर्ट ही ५०० किलोमीटरहून लांब तारेची ओळ प्रशियाच्या राज्याने घालून घेतली आणि मार्च १८४९ मध्ये प्रशियाच्या राजाची जर्मन सम्राट म्हणून निवड झाल्याची बातमी तासाभरात बर्लिनला पोचली. पण उथळ पुरलेल्या तारांचं वेष्टण लवकरच सडू लागलं. दोष कुणाचा यावर व्हेर्नरने जाहीर पुस्तिका लिहिली, आणि १८५१ मध्ये सरकारने कामं द्यायची बंद केली. कंपनी बुडायच्या बेतात आली. तिला तारलं तेही एका सरकारनेच, रशियाच्या झारच्या. फिनलंडपासून क्रिमियापर्यंत तारा घालायचं आणि नंतर त्यांच्या देखभालीचं कंत्राट मिळालं. दुसरा भाऊ कार्ल सेंट पीटर्सबर्गला जाऊन बसला आणि कंपनीची घडी बसली. तुम्ही पॅनेल बनवता म्हणून सांगते, मालापेक्षा देखभालीच्या कंत्राटात पैसा जास्त असतो, हे त्यांना तेव्हाच उमगलं होतं.

मी तारखात्यात नोकरी केली. लंडन ते कलकत्ता तार सीमेन्सने घातली असं आम्ही ऐकत आलो. कुणी म्हणतात, व्हेर्नर सीमेन्स स्वतः भारतात येऊन काम बघत होते. खरं काय?
— निवृत्त तारमास्तर, ठाणे

काका, निम्मं खरं आहे. पण ते निम्मंही थक्क करणारं आहे.

१८५७ च्या उठावाच्या बातम्या लंडनला पोचायला आठवडे लागले, तेव्हापासून इंग्रज सरकारला हिंदुस्थानशी तारेने जोडलं जायची निकड होती. १८६५ मध्ये तुर्कस्तानमार्गे एक ओळ सुरू झाली. पण ती कैक देशांच्या कैक तारघरांतून जाई. प्रत्येक ठिकाणी माणूस संदेश उतरवून घेई आणि पुढे ठोकी, आणि त्या माणसाला इंग्रजी येत असेलच असं नव्हतं. मजकूर पोचायला दिवसच्या दिवस लागत, आणि पोचला तरी त्याचा अर्थ लागेलच याची खात्री नसे. तुम्ही आयुष्यभर तारेची कडकट्ट ऐकलेली आहे, चुकीच्या एका अक्षराने काय घोटाळा होतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

सीमेन्स बंधूंचं म्हणणं सोपं होतं : मधला माणूसच काढून टाकू. लंडन ते तेहरान एकच ओळ, एकच व्यवस्थापन आणि ठिकठिकाणी आपोआप चालणारे रिले. येणारा क्षीण प्रवाह रिलेचा पट्टा ओढणार, तो पट्टा नव्या बॅटरीचा जोरकस प्रवाह पुढे सोडणार. काम वाटून घेतलेलं होतं. लंडनला विल्हेल्म, म्हणजे आता विल्यम, रशियात कार्ल, बर्लिनला व्हेर्नर आणि तिफ्लिसला (आजचं त्बिलिसी) आणखी एक भाऊ वाल्टर. वाल्टर याच काळात, १८६८ मध्ये, घोड्यावरून पडून गेला. प्रशिया, रशिया, इराण आणि इंग्लंड अशा चार सरकारांच्या परवानग्या मिळवल्या. मार्ग लंडन, एम्डेन, बर्लिन, वॉर्सा, ओडेसा, केर्च, तिफ्लिस, ताब्रिझ, तेहरान. कॉकेशस आणि इराणात लोखंडी खांब रोवले. काळ्या समुद्राच्या कडेने टाकलेली केबल भूकंपात तुटली, तर तिथे किनाऱ्यावरून खांब टाकून ओळ पुन्हा जोडली.

तेहरानच्या पुढे मात्र सीमेन्सचं बांधकाम नव्हतं. तिथून बुशहर, मग इराणच्या आखातातली केबल, मग कराची आणि कलकत्ता ही इंग्रज सरकारची आधीचीच ओळ होती. सगळी मिळून ११,००० किलोमीटर. १२ एप्रिल १८७० ला विल्यमने लंडनला पाहुण्यांसमोर ती चालवून दाखवली आणि संदेश २८ मिनिटांत कलकत्त्याला पोचला. तेव्हा कलकत्त्यापर्यंतचा प्रत्येक खांब सीमेन्सने रोवला हे बरोबर नाही, आणि व्हेर्नरने भारतात उभं राहून काम करून घेतलं हेही नाही. त्याच साली आपल्या मुंबईला एडनहून समुद्रातून जी केबल आली, ती वेगळ्याच इंग्रज कंपनीची.

मला या सगळ्यात सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही ओळ टिकल्याची. पहिल्या महायुद्धात ती बंद पडली, पण नंतर पुन्हा जोडली आणि १९३१ पर्यंत चालली. चार देशांतून जाणारी उघड्यावरची तार साठेक वर्षं चालती ठेवायची म्हणजे ज्याने तारा ओढल्यात त्यालाच त्याची किंमत कळेल. आपल्याकडची तारसेवा २०१३ च्या जुलैत संपली, त्या दिवशी तुमच्यासारख्यांना काय वाटलं असेल ते मी समजू शकते.

आमच्या पुस्तकात डायनॅमो सीमेन्सने शोधला असं आहे. पण जनरेटर तर फॅरेडेचा ना? परीक्षेत काय लिहू?
— डिप्लोमा दुसरं वर्ष, मिरज

बाळ, तू दोन्ही लिही, पण फरक समजून लिही.

चुंबकाच्या क्षेत्रात तार फिरवली की वीज निर्माण होते, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं. त्यावरून यंत्रं निघाली खरी, पण त्यांत पोलादाचे कायमचे चुंबक असत. असे चुंबक जड, महाग आणि वापरात हळूहळू कमजोर होणारे. मोठी वीज हवी तर चुंबकांचे ढीग रचावे लागत. व्हेर्नर सीमेन्सने १८६६ च्या अखेरीस काढलेली युक्ती अशी : कायमचा चुंबक हवाच कशाला? साध्या लोखंडात पूर्वीच्या वापरातून जरासं चुंबकत्व उरलेलं असतंच. आर्मेचर, म्हणजे यंत्राची फिरणारी वेटोळी, फिरवलं की त्या उरलेल्या चुंबकत्वावर इवलीशी वीज तयार होते. ती वीज फील्डच्या, म्हणजे चुंबक तयार करणाऱ्या, वेटोळ्यात सोडली की चुंबक थोडा वाढतो, त्यामुळे वीज थोडी वाढते, तिने चुंबक आणखी वाढतो. लोखंड तृप्त होईपर्यंत, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावेनासं होईपर्यंत, हे चढत जातं. जानेवारी १८६७ मध्ये बर्लिनच्या विज्ञान अकादमीत याचा निबंध वाचला गेला.

हे वाचून कळत नाही, हाताने करूनच कळतं. तुमच्या प्रयोगशाळेत डीसी शंट जनरेटर असेल. सरांना विचारून फील्ड जोडायच्या आधी नुसता ठरलेल्या वेगाने फिरव आणि व्होल्टमीटर बघ. २२० व्होल्टच्या मशीनवरही काही व्होल्ट दिसतील. तेच ते उरलेलं चुंबकत्व. मग फील्ड जोड आणि रिओस्टॅट (कमीजास्त करता येणारा रोध) हळूहळू कमी कर. काटा क्षणभर रेंगाळेल आणि मग चढू लागेल. आमच्या प्रयोगशाळेतलं एक जुनं मशीन दीर्घ सुट्टीनंतर कधी कधी चढायचंच नाही. कितीही फिरवा, काटा शून्यापाशी. मुलं ब्रश घासून बघत, वायरी उलटसुलट करत. लोखंडातलं उरलेलं चुंबकत्वच नाहीसं झालेलं असायचं. मग फील्डला काही सेकंद बॅटरी लावायची, योग्य दिशेने, आणि काढून घ्यायची. पुन्हा फिरवलं की मशीन जागं व्हायचं. माझ्या विद्यार्थ्यांना १८६६ ची गोष्ट मी कधी फळ्यावर शिकवली नाही, त्या मशीनपाशीच उभी राहून शिकवली.

आता श्रेयाचं. इंग्लंडात व्हीटस्टन आणि व्हार्ली यांनी जवळपास त्याच आठवड्यांत हाच विचार मांडला. हंगेरीतला पाद्री-प्राध्यापक आन्योश येडलिक त्याही आधी तिथे पोचला होता, पण त्याने पेटंटच्या मागे लागायचं मनावर घेतलं नाही. सीमेन्सचं वेगळेपण हे की यातून मोठाले कारखाने चालतील, आगगाड्या चालतील, हे त्याने तेव्हाच ओळखलं आणि तसा धंदा उभा केला. याच सुमारास हाल्स्के भागीदारीतून बाहेर पडला. हाताने नजाकतीची उपकरणं करणाऱ्या त्या माणसाला मोठ्या प्रमाणावरच्या उत्पादनात गोडी नव्हती. कंपनीच्या नावात मात्र तो पुढची कैक दशकं राहिला. मला हा माणूस फार आवडतो. आपल्याला काय करायचं नाही हे कळलेले कारागीर थोडे.

पुढे १८७९ च्या बर्लिन प्रदर्शनात त्यांनी विजेवरची छोटी गाडी चालवली. ३०० मीटरचा गोल रूळ, पुढे साधारण ३ अश्वशक्तीचं इंजिन, त्यावर स्वार होऊन बसलेला चालक, आणि मागे बाकांचे तीन डबे. वेग ताशी ७ किलोमीटरच्या आसपास. मुळात ते इंजिन कोळशाच्या खाणीसाठी आखलेलं. चार महिन्यांत ८० हजारांहून जास्त लोकांनी त्यात बसून घेतलं.

विद्युतवाहकतेचं एकक ‘सीमेन्स’ ते याच माणसाचं का?
— विज्ञान शिक्षक, वाई

होय, याच व्हेर्नरचं. १९७१ पासून ते आंतरराष्ट्रीय पद्धतीत आहे. गंमत अशी की त्याने स्वतः १८६० मध्ये सुचवलेलं एकक वाहकतेचं नव्हतं, रोधाचं होतं : १ मीटर लांब, १ चौरस मिलिमीटर छेदाच्या पाऱ्याच्या स्तंभाचा शून्य अंशाला असणारा रोध. आजच्या ओहमपेक्षा ते थोडंसंच कमी भरतं. कुठल्याही देशात, कुणालाही पारा आणि काचेची नळी घेऊन ते पुन्हा तयार करता यावं, हा त्यामागचा हेतू होता.

मोठ्या कंपन्यांच्या इतिहासात १९३३ ते १९४५ हा भाग दोन ओळींत उरकतात. तुम्ही उरकू नका.
— इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका, पुणे

नाही उरकत. खरं तर हेच उत्तर लिहायला मला सर्वांत जड गेलं.

बर्लिनच्या वायव्येला या कंपनीचं एक शहरच वसलं होतं, सीमेन्सश्टाट. कारखाने, कामगारांच्या चाळी, शाळा, रेल्वे स्थानक, सगळं. हिटलरच्या काळात लष्कराच्या मागण्या वाढल्या आणि कंपनी त्या पुरवत गेली. पुरुष कामगार आघाडीवर गेले तेव्हा त्यांच्या जागी माणसं आणली गेली ती सक्तीने. १९४० ते १९४५ या काळात किमान ८०,००० जणांना सीमेन्समध्ये सक्तीने राबवलं गेलं, हा आकडा कंपनी आज स्वतः मान्य करते. त्यांत युद्धकैदी होते, व्यापलेल्या देशांतून पकडून आणलेली माणसं होती, बर्लिनचे ज्यू होते आणि छळछावण्यांतले कैदी होते.

राव्हेन्सब्र्युक ही बायकांची छळछावणी. तिच्या शेजारी १९४२ च्या उन्हाळ्यात सीमेन्सने उत्पादनाच्या शेडी उभारल्या. तिथे बायका टेलिफोनची वेटोळी गुंडाळत, रिले जुळवत. केसासारखी बारीक इनॅमलची तार कॉइल वाइंडिंगच्या यंत्रावर गुंडाळायची म्हणजे बोटं स्थिर लागतात, नजर स्थिर लागते. तार तुटली की पहिल्यापासून. हे काम मी मुलामुलींना शिकवलंय, पंख्याखाली, चहाच्या सुट्ट्या देऊन. ते उपाशी पोटी, मरणाच्या सावटाखाली, दिवसाचे दहा-बारा तास करून घेतलं गेलं. तिथल्या बायकांची संख्या एका वेळी दोन हजारांच्या वर गेली होती.

‘सरकार हेच गिऱ्हाईक’ असं मी वर म्हटलं, त्याचा सर्वांत काळा अर्थ हा. ऑर्डरवर सही कुणाची आहे हे ज्या घराने कधी विचारलं नाही, ते घर इथवर येऊन पोचलं. त्यांना पर्याय नव्हता हा बचाव मला पटत नाही. शेड कुठे बांधायची हे कुणीतरी नकाशावर बोट ठेवून ठरवलं होतं.

याच कंपनीचा एक माणूस मात्र आठवणीत ठेवण्यासारखा आहे. योन राबे, नानजिंगमधला सीमेन्सचा प्रतिनिधी आणि नाझी पक्षाचा सभासद. डिसेंबर १९३७ मध्ये जपानी सैन्य शहरात शिरलं, कत्तली सुरू झाल्या, तेव्हा बाकीच्या परदेशी लोकांना बरोबर घेऊन त्याने सुरक्षित क्षेत्र उभारलं. दोन लाखांहून अधिक चिनी लोकांना तिथे आसरा मिळाला, त्यांतले शेकडो त्याच्या स्वतःच्या आवारात होते. बर्लिनला परतल्यावर हे अत्याचार त्याने उघड करू पाहिले तर गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यालाच धरलं. युद्धानंतर तो हलाखीत जगला आणि नानजिंगच्या लोकांनी त्याला अन्नाची पार्सलं पाठवली.

१९४५ मध्ये कंपनीची चार-पंचमांश मालमत्ता गेली. काही बॉम्बमध्ये, काही रशियनांनी यंत्रं उचलून नेली, काही परदेशात जप्त झाली. मुख्यालयं बर्लिनहून म्युनिक आणि एरलांगेनला हलली. पीडितांना भरपाई मिळाली ती उशिरा आणि थोडी. १९९८ मध्ये कंपनीने २ कोटी मार्कांचा निधी जाहीर केला, तेव्हा त्या बायकांतल्या कितीतरी जणी हयात नव्हत्या.

लोकलला ‘सीमेन्स रेक’ म्हणतात ती याच कंपनीची का? ही कंपनी मुंबईत कधी आली?
— रोजचा प्रवासी, डोंबिवली

गाडीचे डबे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे, आतली वीजयंत्रणा सीमेन्सची. पांढऱ्या-जांभळ्या रंगाच्या या गाड्या २००७ पासून धावू लागल्या. जुन्या गाड्यांत डीसी मोटरी होत्या, ब्रशवाल्या. पावसाळ्यात त्यांचा जीव मेटाकुटीला येई. नव्या गाड्यांत तीन फेजच्या इंडक्शन मोटरी आहेत, त्यांना ब्रशच नाहीत. आणि तेव्हा मुंबईत १,५०० व्होल्ट डीसी जाऊन २५,००० व्होल्ट एसी येत होतं, म्हणून दोन्हींवर चालणारी गाडी हवी होती. दादरला गाडी शिरताना जो गुंजारव चढत-उतरत ऐकू येतो, तो वारंवारिता बदलणाऱ्या कन्व्हर्टरचा. ब्रेक लागला की त्याच मोटरी जनरेटर होतात आणि वीज वरच्या तारेला परत देतात. मिरजच्या मुलीला वर जे सांगितलं, तेच तुमच्या पायाखाली रोज घडतं. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोचं सिग्नलिंगही सीमेन्सचंच.

मुंबईत आणि कलकत्त्यात त्यांची कचेरी १९२२ पासून आहे. स्वातंत्र्यानंतर नुसता माल आणून विकणं परवडेना आणि सरकारलाही ते नको होतं. तेव्हा १९५६ मध्ये महालक्ष्मीच्या पुलाखाली स्विचबोर्ड जुळवायचं छोटं वर्कशॉप निघालं आणि १९५७ मध्ये कंपनीची भारतात रीतसर नोंदणी झाली. पुढे वरळी, मग ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा कळव्याचा कारखाना. ठाणे-बेलापूर पट्ट्यात स्विचगियर आणि मोटरी शिकलेल्या फिटर-वायरमनच्या पिढ्या तयार झाल्या. माझ्या पहिल्या तुकडीतली कितीतरी मुलं तिकडेच गेली, आणि त्यांतल्या काहींनी पुढे भोसरी, अंबड, वाळूज इथे स्वतःची पॅनेलची शॉप्स काढली. कुठल्याही कारखान्याचं मोल मी त्यातून बाहेर पडलेल्या कारागिरांवरून करते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आताची मोठी ऑर्डरही सरकारचीच आहे : जानेवारी २०२३ मध्ये भारतीय रेल्वेने ९,००० अश्वशक्तीच्या १,२०० मालवाहू इंजिनांचं काम सीमेन्सला दिलं. गुजरातेत दाहोदला ती जुळतात.

लाचेच्या प्रकरणाबद्दल खरं-खोटं सांगा. आम्ही लहान उद्योजक. एवढ्या मोठ्या कंपनीला लाच द्यायची गरज काय?
— फाउंड्रीचालक, कोल्हापूर

१५ नोव्हेंबर २००६ ला म्युनिकच्या सरकारी वकिलांनी कंपनीच्या कचेऱ्यांवर छापे घातले, आणि जे निघालं ते वाचून आजही संताप येतो. अमेरिकेच्या रोखे नियामकाने दिलेला हिशेब असा : मार्च २००१ ते सप्टेंबर २००७ या काळात किमान ४,२८३ वेळा, मिळून सुमारे १४० कोटी डॉलर वाटले गेले. अर्जेंटिनात राष्ट्रीय ओळखपत्रांचं काम मिळावं म्हणून, बांगलादेशात मोबाइल जाळ्याचं, आणखी कुठे रेल्वेचं, कुठे वीजकेंद्राचं. कंपनीच्या आत चक्क रोखीच्या खिडक्या होत्या, तिथून पेट्या भरून नोटा न्यायच्या. मंजुरीच्या सह्या कागदावर नव्हे, तर सोलून काढता येणाऱ्या चिकटचिठ्ठ्यांवर केलेल्या, म्हणजे वेळ आली की सही गायब.

गरज काय, असं तुम्ही विचारता. गिऱ्हाईक सरकार असलं की एका सहीवर शेकडो कोटी ठरतात. दूरसंचारात स्पर्धा वाढलेली होती आणि माल उत्तम असूनही खात्री नव्हती. शिवाय १९९९ पर्यंत जर्मनीत परदेशी अधिकाऱ्यांना दिलेली लाच धंद्याचा खर्च म्हणून करातून वजा होत असे. कायदा बदलला, पण कंपनीतली सवय तशीच राहिली. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिका आणि जर्मनीत मिळून, आधीचा दंड धरून, सुमारे १६० कोटी डॉलर भरावे लागले. अध्यक्ष आणि मुख्याधिकारी गेले. १६० वर्षांत पहिल्यांदा बाहेरचा माणूस, पीटर लोशर, वर बसला.

तुमच्या पत्रात तुमच्या एका बिलासाठी एका कार्यालयात जे मागितलं गेलं ते तुम्ही लिहिलंय. ते छापत नाही, पण तुम्ही दिलं नाहीत याचा मला मनापासून अभिमान वाटला. बिल चुकतं व्हायला वेळ लागेल, पण लेखी पाठपुरावा सोडू नका.

एवढी वाढवलेली कंपनी हल्ली तुकडे का करते?
— शेअरधारक, नाशिक

थोडक्यात : एकेका धंद्याचा वेग वेगळा आहे. चिप १९९९ मध्ये इन्फिनिऑन म्हणून वेगळ्या झाल्या, दिवे २०१३ मध्ये ओसराम म्हणून, रुग्णालयाची यंत्रं २०१८ मध्ये हेल्थिनिअर्स म्हणून बाजारात आली आणि वीजनिर्मिती २०२० मध्ये सीमेन्स एनर्जी म्हणून. भारतातही एनर्जीचा भाग २०२५ मध्ये वेगळा झाला. मूळ घरात उरलंय ते कारखान्यांचं ऑटोमेशन, इमारती, रेल्वे आणि सॉफ्टवेअर. शेअर ठेवावा की विकावा, ते मात्र मला विचारू नका, तो माझा विषय नाही.

मुलीकडे म्युनिकला तीन महिने राहणार आहोत. यांपैकी काही प्रत्यक्ष बघता येईल का?
— एक आजी, सांगली

ताई, जरूर बघता येईल. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये १८७९ च्या प्रदर्शनातलं ते मूळचं छोटं इंजिन जपलेलं आहे. चालक कुठे बसायचा ते पाहिलंत की त्या काळच्या लोकांचं कौतुक वाटेल. म्युझियमचं नूतनीकरण गेली काही वर्षं टप्प्याटप्प्याने चालू आहे आणि काही दालनं बंद असतात. तेव्हा मुलीला आधी चौकशी करायला सांगा आणि अख्खा दिवस हाताशी ठेवा, चालणं पुष्कळ आहे.

बर्लिनला जाणं झालंच तर भुयारी रेल्वेने सीमेन्सडाम स्थानकावर उतरा. विटांचे जुने कारखाने आणि घड्याळाचा उंच मनोरा दिसेल. जवळच १९२९ ते १९३१ मध्ये बांधलेली कामगारवसाहत आहे, ती २००८ पासून जागतिक वारशात आहे. आणि बर्लिनहून उत्तरेला फ्युर्स्टनबेर्गला आगगाडी जाते, तिथून राव्हेन्सब्र्युकचं स्मारक जवळ आहे. तिथेही जाऊन या. नातवंडं मोठी असतील तर त्यांनाही न्या.